हॉलबाहेरचा श्रोता

“मला माईक लागत नाही,” असे म्हणून मी समोरचा माईक हाताने बाजूला सारला आणि दोन पावले पुढे येऊन उभा राहिलो. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघा समवयस्कांनी कौतुकाने माना हलवल्या. आमच्या पिढीत हे वाक्य ज्याला म्हणता येते, त्याला थोडा मान मिळतो.

गोष्ट ऑगस्ट २०२२ मधली. सावेडीतल्या एका छोटेखानी सभागृहात आमच्या मास्तरांची शोकसभा होती. मास्तर म्हणजे माझे चाळीस वर्षांचे स्नेही. शाळेत मराठी शिकवत. मी बँकेतून आल्यावर रात्री जे काही लिहीत असे, त्याचे पहिले वाचक तेच. हस्तलिखिताच्या समासात त्यांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा असत आणि त्या खुणांशी मी आठ-आठ दिवस मनातल्या मनात भांडत असे. त्यांची एकुलती मुलगी कॅनडात, कॅलगरीला असते. तिला आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. म्हणून सभा लाइव्ह दाखवायची ठरली. आपल्याकडे संध्याकाळचे सहा, तिच्याकडे सकाळचे साडेसहा.

मी बारा-तेरा मिनिटे बोललो. चांगले बोललो असावे, कारण नंतर बऱ्याच जणांनी हात हातात घेतले आणि काही न बोलता सोडले. रात्री मुलीचा फोन आला.

“काका, तुम्ही बाबांबद्दल बोलत होतात ते दिसत होतं. शेवटी चष्मा काढून डोळे पुसलेत, तेही दिसलं. पण ऐकू काहीच आलं नाही हो. काय बोललात?”

मी सांगायचा प्रयत्न केला. जमले नाही. साठ माणसांसमोर, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत जे सुचत गेले, ते फोनवर एकटीला सांगताना बातमीसारखे कोरडे वाटू लागले. टिपण काढलेले नव्हते. मी टिपणाशिवाय बोलतो, हा माझा दुसरा अभिमान.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइव्ह करणाऱ्या पोराला गाठले. पोरगा म्हणजे आता तिशीतला बाप्या आहे, पण मी त्याला चड्डीत पाहिलेला. तो शांतपणे म्हणाला, “काका, हालमधी तुमचा आवाज खणखणीत होता. पण माझ्याकडं येतो तो माईकमधून. आधीच्या वक्त्यापर्यंत मीटर उड्या मारीत होता. तुम्ही माईक सारला आन् तो जो तळाला बसला, तो बसलाच.”

“मग मला थांबवलं का नाहीस?”

“शोकसभेत साहेबांना मधीच कसं थांबवायचं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी त्याच्या मागे लागलो. गेली तीन-चार वर्षे, जमेल तेव्हा, मी त्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतो. सप्ताहातले कीर्तन, पुस्तक प्रकाशन, साखरपुडा, पतसंस्थेची वार्षिक सभा, जे असेल ते. जे पाहिले आणि जे वाचून समजले, ते लिहून ठेवावे असे वाटले. कारण माईक बाजूला सारणारा मी एकटा नाही, हे त्या खुर्चीत बसल्यावर फार लवकर कळले.

आपल्याला आवाजाचा अभिमान वारशाने मिळालेला आहे. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या काळात नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता आणि नटाचा शब्द शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्याला पोचलाच पाहिजे, ही नटाच्या कसबाची पहिली अट होती. कीर्तनकाराचे तेच, शाळामास्तराचे तेच. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यातले. तिथेही श्रोते समोर बसूनच ऐकत होते. म्हणजे आपली सगळी वक्तृत्वकला समोर दिसणाऱ्या माणसासाठी घडलेली आहे. शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीपलीकडे, सात समुद्रांपलीकडे आणखी एक रांग असू शकते, ही कल्पना तिच्यात कुठेच नाही.

या पोराच्या वडिलांना तीस वर्षांपूर्वी मीच कर्ज दिले होते. बँकेने दिले, पण प्रकरण माझ्या सहीचे. दोन भोंगे, आहुजाचा एक ॲम्प्लिफायर, चार माईक आणि एक कॅसेट प्लेयर, हे सगळे बँकेकडे नजरगहाण. तपासणीला गेलो तेव्हा माल गोदामात नव्हता. एका वाडीतल्या सप्ताहात कडुलिंबाच्या फांदीला बांधलेला होता आणि हरिपाठ चालू होता. तारण वाजताना पाहिले, असे माझ्या नोकरीतले हे एकमेव प्रकरण. (कर्ज वेळेत फिटले, हेही सांगून टाकतो.)

त्या वडिलांचे काम सोपे होते असे मी म्हणणार नाही. पण आवाज बाहेर पडायची वाट एकच होती : भोंगा. माईकमधून आत आला तो भोंग्यातून बाहेर. बरा की वाईट, ते तिथेच कानाला कळे. मुलाच्या धंद्यात वाटा अनेक झाल्या आहेत. हॉलमधल्या स्पीकरांना एक मिश्रण, स्टेजवरच्या गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून दुसरे, लाइव्हला तिसरे, रेकॉर्डिंगला चौथे, आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याहून कुणी बोलणार असेल तर त्याला पाचवे. या वाटांना त्याच्या भाषेत ‘बस’ म्हणतात. मला हा शब्द कळेना, तेव्हा त्याने तारकपूर स्टँडचा दाखला दिला. “असं समजा काका, फलाटावर पाच बस उभ्या हायेत. प्रत्येक माईक म्हणजे पॅसिंजर. कोणता पॅसिंजर कोणत्या बसमधी बसवायचा, खिडकीत बसवायचा का मागं, ते मी ठरवायचं. एस्टीत आन् ह्याच्यात फरक एवढाच, की इथं एकच पॅसिंजर पाचही बसमधी एका टायमाला बसतो.” माझी कथा सरळ होती. पॅसिंजर फलाटावर आलाच नव्हता.

याचे दुकान ‘टीव्ही सेंटर’ला आहे, हाही एक योगच. सावेडीत टीव्ही सेंटर हे आता वस्तीचे नाव झाले आहे. दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशभरातली जुन्या ॲनालॉग पद्धतीची बहुतेक सगळी प्रक्षेपणे बंद केली. रिक्षावाल्याच्या तोंडचे नाव मात्र राहिले. एके काळी चित्र आणि आवाज वरून, दिल्ली-मुंबईहून इथे उतरत असे. आता त्याच वस्तीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यातून तो उलट जगात जातो. जातो म्हणजे जायला हवा.

सगळ्यात मोठी चूक कुठे होते, तर हॉलमध्ये जे छान ऐकू येते तेच बाहेर पाठवण्यात. तर्काला ते बरोबर वाटते. इथे छान, म्हणजे तिथेही छान. प्रत्यक्षात हॉलमधल्या माणसाला दोन आवाज ऐकू येत असतात : एक स्पीकरमधला आणि दुसरा थेट, हवेतून आलेला. लहान हॉलमध्ये पखवाज स्वतःच्या अंगानेच इतका घुमतो की साउंडवाल्याला तो स्पीकरमध्ये जवळजवळ सोडावाच लागत नाही. वीस टाळकरी एका दमात टाळ उचलतात, त्यांनाही माईकची गरज नसते. मिक्सरवर कीर्तनकाराचा माईक तेवढा वर असतो. आता हेच मिश्रण जसेच्या तसे बाहेर पाठवा. पडद्यावर टाळकरी तोंडे हलवताहेत, पखवाजी घामाघूम झालाय, आणि ऐकू काय येते, तर एकटा कीर्तनकार, विहिरीच्या काठावरून बोलावे तसा. हॉलमधल्या माणसाला हे कधीच कळत नाही. तो घरी जाऊन सांगतो की काय रंग भरला होता, आणि घरचा माणूस म्हणतो, आम्हाला तर काही वाटले नाही बुवा.

म्हणून बाहेरचे मिश्रण वेगळे बांधावे लागते. हॉलला ज्याची गरज नाही, त्याची बाहेर सर्वांत जास्त गरज असते. पखवाजाला माईक, टाळकऱ्यांना माईक, आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन माईक वेगळेच. हे शेवटचे दोन हॉलच्या स्पीकरमध्ये कधीच जात नाहीत. गेले तर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजेल. पण लाइव्हमध्ये ते नसले तर विनोदावर कुणी हसत नाही, अभंगाला कुणी विठ्ठल म्हणत नाही, आणि वक्ता रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा वाटतो. क्रिकेटचे धावते वर्णन आठवा. बाळ ज. पंडितांचा आवाज आणि त्याच्या मागे मैदानातली गर्जना, दोन्ही मिळून आपण घरबसल्या मैदानात असायचो. ती गर्जना किती ठेवायची, कधी वर घ्यायची, हे कुणीतरी बोटाने ठरवत होते. त्याचे नाव आपल्याला कधी कळले नाही.

इको या प्रकाराबद्दल मला वेगळा राग आहे. आमच्याकडच्या साउंडवाल्यांना आणि त्यांच्याहून जास्त काही बुवांना इको फार प्रिय. मोकळ्या मंडपात तो थोडा खपून जातो. पण तोच बाहेरच्या मिश्रणात गेला की ओवीतला प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाच्या अंगावर पडतो. परगावी खाटेवर पडून कीर्तन ऐकणाऱ्या म्हातारीला शब्द हवा असतो; घुमणे हॉलवाल्यांनी ठेवून घ्यावे.

आता लेव्हल. डेसिबल हा शब्द आपल्याला गणपती विसर्जनामुळे पाठ झाला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा घातली, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सावेडीत जितकी लॉन्स आणि मंगल कार्यालये आहेत, तितक्या ठिकाणी हे आकडे भिंतीवर लावायला हवेत. शेजारच्या इमारतीतला, परीक्षेला बसलेला मुलगा हाही हॉलबाहेरचा श्रोताच आहे, फक्त नाइलाजाने झालेला. पण मिक्सरवरचे डेसिबल निराळे. बाहेरचे डेसिबल जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून वर मोजतात. यंत्रातले छतापासून खाली मोजतात. छत म्हणजे शून्य. त्याखाली उणे सहा, उणे बारा, उणे वीस. मला हे चटकन समजले, कारण बँकेत बचत खात्यात शिल्लक वर मोजतात आणि कॅश क्रेडिटच्या खात्यात मर्यादा संपायला किती उरले, ते पाहतात. बोलणे साधारण उणे वीसच्या आसपास ठेवावे आणि चढता सूर उणे सहापर्यंत जाऊ द्यावा, असा या मंडळींचा ढोबळ रिवाज आहे. मधली जागा रिकामी का ठेवायची? कारण कीर्तनकार कधी ‘पुंडलिक वरदे’ म्हणून गर्जेल, हे तो आधी सांगत नाही.

जुन्या टेपवर आवाज थोडा वर गेला तरी टेप सांभाळून घेई. आवाज जरासा जाडसर होई, एवढेच. डिजिटलमध्ये उसनवारी नाही. शून्याला टेकला की लाटेचा माथा सरळ कापला जातो, आणि कापलेला माथा नंतर कुठल्याही उपायाने पुरता परत येत नाही. चेक परत जावा आणि वर दंडही बसावा, तसे. गंमत अशी की खूप हळू आवाज नंतर थोडाफार उचलता येतो. फाटलेला शिवता येत नाही. तरीही दहातले आठ जण फाटेपर्यंत चढवतात. ‘दणक्यात पाहिजे’ ही मागणी पैसे देणाऱ्याची असते आणि पैसे देणारा हॉलमध्ये बसलेला असतो.

मीटरचेही ऐकून घ्यावे, पण सगळे ऐकू नये. अमेरिकेत बेल प्रयोगशाळा आणि तिथल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून १९३९ मध्ये काट्याचे मीटर प्रमाण म्हणून ठरवले. तो काटा मुद्दामच संथ ठेवलेला होता, कारण त्याने बोलण्याचा सर्वसाधारण जोर दाखवावा अशी अपेक्षा होती. त्याच्यापुढे टाळ वाजवला तर काटा हलेपर्यंत टाळ वाजून गेलेला असतो. आजच्या पडद्यावरच्या पट्ट्या उलट. त्या क्षणाचा टोला बरोबर पकडतात, पण कानाला एकूण किती मोठे वाटते ते सांगत नाहीत. टाळाचा टोला आणि वीणेचा झंकार पट्टीवर एकाच उंचीवर असले तरी कानाला सारखे नसतात. मालिका हळू आणि मधली जाहिरात अंगावर ओरडत येते, ती याच फटीतून. तिच्यातले टोले नियमातच असतात, पण मधल्या दऱ्या बुजवून सगळे सपाट उंच केलेले असते. शेवटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ‘कानाला किती मोठे वाटते’ ते मोजायची पद्धत ठरवली. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये तीवरून उणे २३ ही एक पातळी स्वीकारली, आणि अमेरिकेत तर जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा असा कायदाच झाला. डिसेंबर २०१२ पासून तो लागू आहे. आमच्या पोराच्या पडद्यावरही त्या मोजमापाचा एक लहानसा चौकोन असतो. तो त्याच्याकडे अधूनमधून पाहतो. कानावर मात्र कायम हेडफोन, तोही तारेचा. बिनतारी हेडफोनात आवाज उशिरा पोचतो.

हेडफोनशिवाय त्याच्याजवळ एक जुनाट, काच तडकलेला मोबाइल असतो. कार्यक्रम सुरू झाला की तो स्वतःचेच लाइव्ह त्या मोबाइलवर, छोट्या स्पीकरवर ऐकतो. कारण ऐकणाऱ्या बहुतेकांकडे तेच असते. पखवाजाच्या धुमेवर कणीक लावून जो खर्ज काढलेला असतो, तो त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. उरते फक्त शाईच्या बाजूची टकटक. महागड्या हेडफोनवर भरदार वाटलेला ठेका मोबाइलवर लंगडा होतो. मग तो धुमेचा मधला भाग थोडा उचलतो, म्हणजे खर्ज नाही तरी खर्जाची आठवण पोचते.

आणखी एक वाट हॉलच्या सोयीसाठी बिघडते. माईकने शिट्टी मारली की हॉलचा साउंडवाला घाईने फेडर खाली ओढतो. लाइव्हचा आवाज त्या फेडरच्या पुढून घेतलेला असेल, तर हॉलसोबत कॅलगरीचाही आवाज खाली जातो. म्हणून तो फेडरच्या आधीच वळवून घ्यायचा असतो. त्याचा धोका असा, की हॉलमध्ये फेडर बंद असतानाही माईक बाहेर चालूच राहतो. एका प्रकाशन समारंभात अध्यक्षांनी शेजारच्याला विचारलेले, “हे अजून किती वेळ बोलणार?” हॉलमध्ये कुणालाही ऐकू गेले नाही. बाहेर सर्वांनी ऐकले, आणि ‘हे’ म्हणजे त्या वेळी बोलत असलेला मीच होतो.

पुण्याचा पाहुणा व्हिडिओ कॉलवर असला की वेगळीच तऱ्हा. त्याचा आवाज हॉलमध्ये येतो, हॉलमधून मिक्सरमध्ये, मिक्सरमधून परत त्याच्याच कानात, अर्ध्या-एक सेकंदाने. आपलेच वाक्य आपल्यामागून ऐकू येऊ लागले की भलेभले अडखळतात. मग “हॅलो, येतंय का ऐकू?” यात दहा मिनिटे जातात. उपाय जुना आहे, रेडिओच्या काळापासूनचा : त्याला सगळे पाठवायचे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वजा करून. आंतरशाखा हिशेबात शाखेची स्वतःचीच नोंद तिला नवी म्हणून परत पाठवली की मेळ बसायला महिने लागत. हे त्याच जातीचे दुखणे आहे.

आवाज आणि ओठ जुळणे हाही एक उपद्रव असतो. कॅमेऱ्याच्या चित्रावर यंत्राला काम जास्त, म्हणून चित्र मागे राहते आणि आवाज आधी पोचतो. वीज आधी आणि गडगडाट नंतर याची आपल्याला जन्माची सवय; उलटे झाले की लगेच खटकते. मिक्सरमध्ये आवाजाला मुद्दाम थोडे थांबवून ठेवले की भागते, पण ते कुणीतरी लक्षात ठेवायला हवे.

यंत्राच्या शहाणपणाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. बोलणारा हळू बोलला की यंत्र आवाज वाढवते. सोयीचे आहे. आता शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहतात, ते आठवा. सगळे स्तब्ध. यंत्राला वाटते, आवाज फार कमी झाला. ते वाढवू लागते. पंख्याची घरघर वर येते. कुणाचा खोकला फटाक्यासारखा वाजतो. रस्त्यावरच्या स्कूटरचा हॉर्न सभेत शिरतो. हॉलमध्ये शांतता असते आणि बाहेर पंखे आणि हॉर्न यांची सभा भरते. मी हे प्रत्यक्ष ऐकले आहे. कोविडच्या काळात गाणे शिकवणाऱ्यांनीही याचा दुसरा अवतार भोगला : झूमसारख्या सोयींनी तानपुऱ्याला सततची कटकट समजून पुसून टाकले, आणि शिष्य सुराशिवाय षड्ज लावत बसले. पुढे ‘मूळ आवाज’ ठेवण्याची सोय त्यात सापडली. ही सोय चालू करावी लागते, हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

त्या वर्षानेच हॉलबाहेरच्या श्रोत्याला खरे वजन आणून दिले. १७ मार्च २०२० ला शिर्डीचे समाधी मंदिर भक्तांसाठी बंद झाले ते १६ नोव्हेंबरला उघडले. आठ महिने आरत्या होत होत्या आणि समोर कुणी नव्हते. जे होते ते सगळे पडद्यापलीकडे होते. आषाढीला संतांच्या पादुका एस्टीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी टीव्हीसमोर बसले. सावेडीत आम्ही विवाह पाहिले, दहावे पाहिले, एका घरच्या बारशाला पाळणा ऐकला, सगळे मोबाइलवर. दारे पुढे उघडली. पण तो श्रोता गेला नाही. गुडघ्याने जखडलेली आजी, हैदराबादला नोकरी करणारा नातू, दवाखान्यात उशाला मोबाइल ठेवून पडलेला भाऊ, हे आता कार्यक्रमाचे कायमचे श्रोते आहेत. हॉलमध्ये साठ असतील तर बाहेर पुष्कळदा दीडशे.

आणि त्यांच्यासाठी तरतूद किती? जुन्या सवयीने मी दरपत्रके वाचतो. तीन कॅमेरे, एक क्रेन, ड्रोन, एलईडीची भिंत, फुलांची कमान. आवाजापुढे लिहिलेले असते : ‘मंडपवाल्याकडून’. ड्रोनने दाखवलेले मंगल कार्यालयाचे छप्पर बघायला कुणी पहाटे उठत नाही. चित्र दोन मिनिटे गेले तर माणूस ऐकत राहतो. आवाज गेला की दहा सेकंदांत तो मोबाइल झटकतो, वर-खाली करतो आणि बंद करतो. बाहेर जाणारा आवाज ऐकायला एक वेगळा माणूस, हॉलकडे पाठ करून आणि कान झाकून बसवायला हवा, आणि त्याला वक्त्याला थांबवायचा अधिकार हवा. अध्यक्ष असो, महाराज असो की निवृत्त बँक अधिकारी असो. पोराला मी हा अधिकार माझ्यापुरता लेखी द्यायला तयार होतो. तो म्हणाला, चिठ्ठी चालेल. तेव्हापासून आमच्याकडे टेबलावर एक पुठ्ठा असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘माईक घ्या’ असे लिहिले आहे. तो वर धरला की वक्ते आधी रागावतात, मग घेतात.

गेल्या डिसेंबरात मास्तरांची मुलगी लेकराला घेऊन नगरला आली. लेकरू आता तीन वर्षांचे आहे. तिने तो विषय काढला नाही, मीच काढला. पोराने जुन्या डिस्कवरून त्या दिवसाचे सगळे शोधून आणले. लाइव्हमध्ये गेलेला आवाज मिक्सरचा होता, त्यात मी नव्हतोच. पण मागच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकचा आवाज आपोआप उतरला होता. तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहिले नव्हते. त्याने दोन रात्री बसून पंखा जेवढा पुसता येईल तेवढा पुसला. फार पुसला तर माझे ‘स’ आणि ‘श’ही जातात, म्हणाला, म्हणून थोडा ठेवलाय.

आम्ही तिघे दुकानात बसून ऐकत होतो. लेकरू तारांशी खेळत होते. आवाज लांबून, शेजारच्या खोलीतून यावा तसा. शिसपेन्सिलीचा किस्सा जवळजवळ पूर्ण होता. एके ठिकाणी लोक हसले, ते माझ्यापेक्षा मोठ्याने आले. मग शेवटाकडे, चष्मा काढला त्याच्या जरा आधी, कुणीतरी खुर्ची सरकवली आणि एक सबंध वाक्य त्या कर्कश आवाजाखाली गेले. तिने ते मागे घ्यायला लावले. दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “इथे काय म्हणालात, काका?”

मी डोळे मिटून आठवून पाहिले. आठवेना.